खाडीच्या वळणावरची परवानगी

अडाजण, सुरत
१७ जानेवारी २०२५

श्री. सुधाकर यांस,

काल बऱ्याच वर्षांनी तुमची सही पाहिली. एका नकाशाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, हिरव्या शाईत. तुमचा तो गळ टाकल्यासारखा लांब उकार पाहिला आणि समोर बसलेल्या अधिकारी बाई काय बोलत होत्या ते मला दोनदा विचारावं लागलं.

अभिजीतच्या लग्नानंतर आपण एकमेकांना काही लिहिलेलं नाही. तेव्हाही पत्रिकेत नावं कुणाची आधी घालायची, एवढंच लिहिलं होतं. त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर पाहून तुम्ही घाबराल. सगळे बरे आहेत. मुलगा-सून पुण्याला सुखात आहेत, माझे गुडघे वयाला शोभतील इतपत दुखतात. मी लिहिते आहे ते दुसऱ्याच कामासाठी.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी सकाळी दोन तास खाली बसते आणि लोकांचे अर्ज लिहून देते. खाली म्हणजे माझ्या वडिलांच्या, आबांच्या खोलीत. ते गेल्यापासून खोली बंद होती. आता तिथे टेबल टाकलं आहे. रेशनकार्डातलं नाव, शाळेचा दाखला, विधवा पेन्शन, असं काहीबाही असतं. डिसेंबरात पुष्पाबाई आल्या. अमळनेरकडच्या, साठीच्या, हातांना भेगा. त्या झारेकरी. सोनारांच्या दुकानातला केर धुऊन त्यातले कण काढायचे, हा त्यांच्या घरचा धंदा. इथे त्यांना धूळधोया म्हणतात.

त्यांचं अहिराणी बोलणं तसंच्या तसं लिहिते. तुमच्या आईंची आठवण येईल.

"टीचरबाई, एक कागद लिखी द्या. कुंपण उघडाले सांगा."

"कशासाठी, ते लिहावं लागेल."

"माटी धुवाले."

"मातीत काय आहे?"

त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "शे काहीतरी. त्यानं नाव लेवानं नही. नाव लिधं का ते खाले जास."

त्यांच्यात कामावर असताना सोन्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की ते खाली खाली जातं, असं त्यांचे सासरे सांगत. हे सासरे पंचेचाळीस वर्षांपूर्वी सुरतेला आले ते कतारगामच्या जरीच्या कारखान्यांसाठी. तेव्हा जरीत खरं सोनं असे. तारेला सोन्याचा मुलामा देत आणि तार धुतलेलं पाणी मोरीतून खाडीत सोडत. खाडी जिथे वळते तिथे पाणी मंदावतं आणि जड असेल ते तळाला बसतं. पुष्पाबाई लग्न होऊन आल्यापासून त्या वळणावरचा गाळ धूत होत्या. २००६च्या पुराच्या पुढच्या वर्षी तिथे कुंपण आलं, पाटी आली, काम बंद झालं. आता पावसाळ्याआधी खाडीवर स्लॅब पडणार आहे. त्यानंतर वळण रस्त्याखाली जाईल.

आता जरीत सोनं उरलेलं नाही आणि सोनारही केर बाहेर देत नाहीत. हा धंदा शिकवता येईल अशी ही एकच जागा राहिली आहे. पुष्पाबाईंची सून योगिता हुशार आहे, हात हलका आहे. हा गाळ मिळाला तर ती सासूबरोबर काम शिकेल. नाही मिळाला तर जूनपासून पलसाण्याच्या रंगाच्या मिलमध्ये जाईल. तिचा नवरा हेमराज तिथेच आहे. त्याची नखं कायम निळी असतात, आणि खोकला ऐकवत नाही.

मी अर्ज लिहिला. गुजरातीत आणि इंग्रजीत. विषय : 'खाडीकाठच्या प्रतिबंधित जागेत सोन्याचा शोध घेण्यास परवानगी मिळणेबाबत.' पट्टी लावून खाली रेघ मारली. पुष्पाबाईंना वाचून दाखवताना तो शब्द मी भरभर उच्चारला, पण त्यांनी ऐकलाच. मी म्हटलं, मागायचं एक आणि लिहायचं दुसरं, हे मला जमणार नाही. आमच्या भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आग्नेस सांगत, विषयाची ओळ खोटी असेल तर पुढचं पत्र वाचायचं कारण नाही.

तर तुमच्या जुन्या ऑफिसातल्या त्या अधिकारी बाईंनी, जिग्नाबेननी, काल नकाशा पसरला. आपल्याला मुलगी असती तर त्या वयाच्या आहेत, बोलायला गोड. कुंपणाची रेघ वळणाच्या पलीकडून जाते. "आ नकशो छे त्यां सुधी मारा हाथ बांधेला छे, बेन," त्या म्हणाल्या. नकाशा तुमचा आहे.

मला इतकंच विचारायचं आहे. ती रेघ तिथेच हवी का?

उषा


९ फेब्रुवारी

सुधाकर,

पोस्टकार्ड मिळालं. 'नकाशा बरोबर आहे.' तीन शब्द आणि सही. पोस्टकार्डं अजून मिळतात, हे कळलं.

तुम्ही बरोबर आहे म्हणता तर असेल. तरी इथे काय झालं ते सांगते, कारण सांगायला दुसरं कुणी नाही. अभिजीतला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, तू कशाला त्या चिखलात?"

हरकती मागवायच्या म्हणून माझा अर्ज ऑफिसच्या फलकावर लावला गेला. चौथ्या दिवशी कुंपणाशी चाळीसेक माणसं. कुणाच्या हातात घमेलं, कुणाच्या हातात घरची पिठाची चाळण. एक काका तर चुंबक घेऊन आले होते. मी त्यांना म्हटलं, सोनं चुंबकाला लागत नाही. ते म्हणाले, "लागे तो लागे, बेन." संध्याकाळपर्यंत तार दोन ठिकाणी वाकली आणि दुसऱ्या दिवसापासून तिथे चौकीदार बसला. पूर्वी पुष्पाबाईंना निदान काठावरून बघता तरी येत होतं.

आणि फाईल गेली खाणखात्याकडे. मी 'शोध' लिहिलं होतं, 'सोनं' लिहिलं होतं, मग ती दुसरीकडे जाणार कशी? तिथून पत्र आलं, सोन्याच्या पूर्वेक्षणासाठी अर्जदार कंपनीने अमुक इतक्या क्षेत्राचा भूगर्भ अहवाल जोडावा. अर्जदार कंपनी म्हणजे पुष्पाबाई आणि योगिता. क्षेत्र म्हणजे आपल्या गच्चीएवढं.

पुष्पाबाई आल्या आणि टेबलासमोर बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमले सांगेल होतं ना."

"खाली गेलं का हो ते?" मी विचारलं.

"खाले नही, टीचरबाई. गांधीनगरले गयं."

योगिता तोंडाला पदर लावून हसली. मग मीही हसले. मग आम्ही तिघींनी चहा घेतला, आणि मी मनात म्हटलं, या दोघींचं तोंडाशी आलेलं काम मी नुसत्या टापटिपीने घालवलं.

परवा जिग्नाबेनकडे पुन्हा गेलो. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, नवा अर्ज करा. फक्त गाळ काढायचा म्हणून लिहा. सोन्याचा उल्लेखच नको. रेघेचं नंतर बघू.

मी ताठ बसून म्हटलं, "मी जन्मात खोटं लिहिलेलं नाही आणि बोललेली नाही."

जिग्नाबेननी पेनाला टोपण लावलं. पुष्पाबाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि का कोण जाणे, नजर खाली घेतली. परत येताना रिक्षा पुलावर अडकली. खाली तापी. हीच तुमच्या गावच्या, प्रकाशाच्या घाटाला लागून येते. माझं ते वाक्य मला खोडून टाकावंसं वाटत होतं. कशामुळे, ते आज लिहीत नाही.

उषा


२३ फेब्रुवारी

सुधाकर,

आज लिहिते. दोन आठवडे लिहून फाडते आहे.

पुराच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही धरणाकडून फोन केला होता, पाणी आपल्या गल्लीत येणार नाही. मी आबांना सांगितलं, निश्चिंत राहा. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला गल्लीत पाणी आलं. आबा खालच्या खोलीत होते. त्यांना जिन्यापर्यंत आणायला शेजारचे दोघं मिळेपर्यंत ते अडीच तास कमरेइतक्या पाण्यात टेबलाला धरून उभे राहिले. बाराव्या दिवशी न्यूमोनियाने गेले.

पाचव्या दिवशी तुम्ही घरी आलात. दाढी वाढलेली, पायांची कातडी पांढरी पडलेली. तुम्ही विचारलंत, "धुडकूला जीप घेऊन पाठवलं होतं, त्याने निरोप दिला ना?" मी म्हटलं, "कसला निरोप? कुणी आलं नाही." आणि आबा गेले त्या दिवशी सगळ्यांसमोर म्हटलं, ज्यांना जगाच्या पाण्याच्या रेघा काढता येतात, त्यांना घरी एक निरोप पाठवता आला नाही.

सुधाकर, धुडकू आला होता.

साडेआठला आला होता, जीप नाक्यावर ठेवून, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून. म्हणाला, "वैनी, साहेबांनी सांगितलंय, कालचं धरू नका, आबांना आत्ताच्या आत्ता वर न्या." आबा दाढी करत होते. मी घटक चाचणीचे पेपर तपासत होते. गल्ली कोरडी होती. मी म्हटलं, "साहेबांना म्हणावं, रोज रोज मत बदलू नका." हे मी हसत म्हटलं. तो एकदा पुन्हा म्हणाला, मी पुन्हा हसले. तो गेला. त्याला दुसरीकडेही निरोप द्यायचे होते.

मी तुम्हांला खोटं का सांगितलं, याचा मी अठरा वर्षं विचार केलाय. तुम्ही विचारलंत तेव्हा आबा वर खोलीत कण्हत होते. 'हो, आला होता' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. मला पुढचा प्रश्न नको होता. एवढंच. नंतर आबा गेले, आणि मग ते मागे घ्यायला जागाच राहिली नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात आणि धुडकूशी बोलणं सोडलंत. बारा वर्षं तुमच्या जीपवर असलेला माणूस. तुम्ही स्वतःच्या बाजूने मात्र एक शब्द बोलला नाहीत. निवृत्त झालात, दोन बॅगा भरल्यात आणि प्रकाशाला गेलात. मी लोकांना सांगत आले, त्यांना गावची ओढ होती.

पोरांच्या वह्यांत मी लाल शाईने लिहायची, 'खरे लिही.'

रेघेसाठी हे पत्र नाही. नकाशा बरोबर असेल तर असू दे. मी पुष्पाबाईंना सांगून टाकते की माझ्याच्याने होत नाही. पण हे तुमच्यापाशी पोचायला हवं होतं, आणि माझ्या आधी मी गेले असते तर पोचलं नसतं. वाक्य चुकलं. राहू दे.

उषा


६ एप्रिल

प्रिय सुधाकर,

महिनाभर पत्र नाही म्हणून मी समजले होते, आता येणार नाही. मग ते आलेखाच्या कागदावरचं आलं. ते मी इतक्या वेळा वाचलं की घड्या फाटायला आल्या. 'धुडकूला भेटून आलो. नंदुरबारला मुलाकडे असतो. दुसरी गोष्ट. वळणाजवळ मोजणीचे दोन दगड आहेत. पुरानंतर घाईत मी रेघ दुसऱ्या दगडापासून धरली. पहिल्यापासून धरायला हवी होती. कुंपण बावीस मीटर पुढे गेलं. महिन्याने लक्षात आलं होतं. तेव्हा आणखी एक चूक कबूल करायची ताकद नव्हती. ऑफिसला कळवलं आहे. बुधवारी येऊन दाखवतो.'

'आणखी एक' म्हणजे आधीची कोणती चूक, ते मला कळलं : निरोप न पोचल्याची. ती तुमची नव्हती.

बुधवारी मी पलीकडच्या काठावर उभी होते. जवळ यायचं धाडस झालं नाही. तुम्ही टेपचं एक टोक धुडकूभाऊंच्या हातात दिलंत आणि तुम्ही दोघं जणू कालच काम थांबलं होतं, असे मोजत गेलात. तुम्ही वाकलात तेव्हा कंबर धरलीत. टोपी नवी आहे. जिग्नाबेन तुमच्या मागे वही घेऊन, शाळेतल्या मुलीसारख्या. दगड सापडत नव्हता तेव्हा पुष्पाबाई पुढे झाल्या आणि पायाने गवत बाजूला केलं. "हाई देखा. मना सासरा याच्यावर तंबाखू मळे."

तुम्ही हसलात. एवढ्या लांबूनही मला ते कळलं.

तुम्ही जिग्नाबेनबरोबर कागदावर सह्या करायला गेलात तेव्हा मी इकडे आले आणि धुडकूभाऊंसमोर उभी राहिले. म्हटलं, "भाऊ, तुम्ही निरोप आणला होता. मी खोटं बोलले. तुम्हांला फार सोसावं लागलं."

ते टेप गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "वैनी, तवा तुमी चहा बी विचारला नव्हता. त्याचा राग मातर हाये." मी पुष्पाबाईंच्या थर्मासमधला चहा त्यांना दिला. त्यांनी तो उभ्याने घेतला आणि कप स्वतः विसळून दिला. मी रडत होते, त्यामुळे योगिता माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती. तुम्ही परत आलात, मला नमस्कार केलात, जसा मुख्याध्यापिकेला करतात, आणि म्हणालात, "गाडी पाच चाळीसची आहे." मी म्हटलं, "हो, उशीर होईल." आणि तुम्ही गेलात.

इतकी वर्षं अर्ज लिहिते आहे, पण 'घरी चला' हे दोन शब्द मला सुचले नाहीत.

नवा अर्ज केला आहे. विषय : 'जुन्या जरी कारखान्यांतून वाहत आलेले धातूचे कण असलेला गाळ धुण्यास परवानगी मिळणेबाबत.' अक्षरन् अक्षर खरं आहे. पुष्पाबाईंना वाचून दाखवला.

"त्यानं नाव नही लिधं ना?"

"नाही घेतलं."

"मग द्या. आंगठा नको, मी सही करस." त्यांनी हळूहळू सही केली. योगिताने शिकवली आहे.

उषा


११ मे

प्रिय सुधाकर,

परवानगी आली.

जिग्नाबेननी स्वतः फोन करून बोलावलं. कागद माझ्या हातात दिला नाही, पुष्पाबाईंच्या हातात दिला. पुष्पाबाईंनी तो कपाळाला लावला आणि मग माझ्याकडे केला. "वाचा. सावकाश वाचा." सोळा मेपासून दहा जूनपर्यंत. कुंपणाची रेघ पहिल्या दगडावर मागे घेतली आहे, खांब उखडायचं काम सुरू झालं आहे. वळणावरचा स्लॅब पावसाळ्याआधी पडणार होता, तो आता दिवाळीनंतर पडेल. पावसाळ्यात नवा गाळ येईल, मग पुन्हा अर्ज करता येईल. योगिताने मिलमध्ये नाही म्हणून कळवलं आहे. हेमराज म्हणतो, आधी बघू काय निघतं ते. पुष्पाबाई म्हणाल्या, "देखजो. मना हात अजून चालतस."

परवानगीआधी चाचणी झाली, त्या दिवशी ते मीही पाहिलं. अटच होती, अधिकाऱ्यांसमोर एकदा धुऊन दाखवायचं. पुष्पाबाईंनी गुडघाभर पाण्यात बसून लाकडी काठवट फिरवली. काळा चिखल गेला, मग वाळू गेली, मग बारीक काळी रेती. मग त्यांनी काठवट योगिताच्या हातात दिली आणि शेवटचे दोन हेलकावे तिला द्यायला लावले. तिने काठवट सासूसारखीच जरा तिरकी धरली. कडेला एक कोर राहिली, पापणीच्या केसाएवढी. जिग्नाबेन वाकून बघत राहिल्या. चौकीदारही आला. कुणी त्याचं नाव घेतलं नाही. पुष्पाबाईंनी तर बघितलंही नाही, त्या योगिताच्या तोंडाकडे बघत होत्या.

अटी एकूण नऊ आहेत. गमबूट आणि हातमोजे घालणे. धुतलेला गाळ पुन्हा पाण्यात न टाकणे. सूर्यास्तानंतर काम न करणे. अशा सगळ्या. त्यातल्या सातव्या अटीवर मात्र आम्ही तिघी अडलो. 'काठाच्या सुरक्षिततेसाठी कामाच्या प्रत्येक दिवशी पात्र अभियंता जागेवर उपस्थित असावा. निवृत्त चालेल.' हे 'निवृत्त चालेल' जिग्नाबेननी हाताने वाढवलं आहे आणि बाजूला सही केली आहे. मी त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

अभियंत्याचं नाव आणि सुरतेतला पत्ता अर्जदाराने भरून द्यायचा असतो. पुष्पाबाईंनी पेन माझ्याकडे दिलं. सव्वीस दिवस प्रकाशाहून रोज येणं-जाणं कुणालाच शक्य नाही, म्हणून पत्ता मी या घराचा लिहिला. वरची उजवीकडची खोली स्वच्छ केली आहे. तिथे ऊन सकाळीच येऊन जातं, नंतर गार राहते. डब्याला भाजी कोणती लागते ते मला माहीत आहे, बदललं असेल तर सांगा.

नाव तुमचं लिहिलं आहे. तुम्हांला न विचारता लिहिलं, हे चूकच. खोडायचं असेल तर पत्राने खोडता येत नाही. मी जिग्नाबेनना विचारून घेतलं आहे, अभियंत्याला स्वतः हजर राहून खोडावं लागतं.

तुमची,
उषा